कळ आणि अक्षर : ‘देवनहळ्ळी’ या नावाच्या निमित्ताने

बंगळूरच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे गाव टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून इतिहासास परिचित आहे. हे नाव संगणकावर कन्नड आणि मराठी या दोन्ही लिप्यांत लिहिताना काय घडते, याचा विचार केला असता एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो : कळ दाबणे आणि अक्षर लिहिणे या क्रिया एकच मानाव्यात काय?

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या १३१९४ क्रमांकाच्या मानकात इन्स्क्रिप्ट कळफलकाचा अंतर्भाव केला. त्यात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णांना समान स्थान दिलेले आहे. म्हणून ‘देवनहळ्ळी’ लिहिण्यास दोन्ही लिप्यांत नऊ वर्ण लागतात व त्यांपैकी पहिल्या आठांच्या कळा एकच असतात. अखेरीस मात्र कन्नडमध्ये ऱ्हस्व इकार येतो, तर मराठीत दीर्घ. ‘ळ’साठी शिफ्ट धरून ‘ल’ची कळ दाबावी लागते.

जुन्या टंकलेखन यंत्रावर शिफ्टने यंत्राचा एक भाग प्रत्यक्ष सरकत असे. संगणकात ती केवळ एक अवस्था असते. शिफ्ट दाबली गेली, कळ दाबली गेली, अमुक वर्ण सिद्ध झाला, कळ सुटली, अशा सूचना आज्ञावलीस क्रमाने मिळतात. लेखनासाठी आज्ञावलीने यांपैकी सिद्ध झालेला वर्णच स्वीकारला पाहिजे. कळेचे स्थान पाहून तिने स्वतः अक्षर ठरवू नये. कंट्रोलचा न्याय याच्या उलट आहे. इंग्रजी ‘सी’च्या कळेवर मराठीत ‘म’ येतो. नक्कल करण्याच्या आज्ञेसाठी आज्ञावली ‘सी’ हे अक्षरच शोधीत राहिली, तर मराठी कळफलक चालू असताना ती आज्ञा निष्फळ ठरते. तात्पर्य, मजकूर वर्णावरून आणि आज्ञा कळेवरून ओळखावी.

हा भेद अर्थापर्यंत पोहोचतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; इन्स्क्रिप्टवर या दोहोंत अंतर आहे ते ‘र’च्या कळेवरील एका शिफ्टचे. त्या शिफ्टने येणारा ‘ऱ’ युनिकोडमध्ये द्राविडी भाषांतील एका रकाराच्या लिप्यंतरासाठी नोंदलेला आहे, आणि त्याचेच अर्धे रूप मराठीच्या उपयोगी पडते. कन्नड कळफलकावर त्याच स्थानी हळेगन्नडातील ‘ಱ’ आढळतो.

तथापि हेच अर्धे रूप साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. परंतु साठवणीत ती भिन्न असल्याने साधा शोध एकास दुसरे समजत नाही. त्यामुळे एखाद्या ग्रंथाची शब्दसूची यंत्राने केल्यास एकच शब्द दोन ठिकाणी विभागला जाण्याचा संभव असतो. म्हणून संहितेचे संगणकीय संपादन करणाऱ्याने दृश्य अक्षरावर न विसंबता साठवलेले वर्ण तपासावेत आणि सूची करण्यापूर्वी ते एकरूप करून घ्यावेत.