विश्लेषण : परातीतल्या पाण्यावर रेणू कसा मोजतात?

शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणारा रेणू परात, ड्रॉपर आणि मोजपट्टी यांच्या साह्याने मोजता येतो. महाड-पोलादपूरच्या कोणत्याही शाळेत जमेल असा हा प्रयोग. उन्हाळ्यात तलावाचे पाणी वाचवण्याच्या प्रयत्नांमागेही हेच गणित आहे.

प्रयोग नेमका काय?

एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात पूर्वी दिलेल्या या प्रयोगासाठी ओलिक आम्ल लागते. ऑलिव्ह तेलाचा हा मुख्य घटक. १ मिलिलिटर आम्लात अल्कोहोल घालून २० मिलिलिटर द्रावण करायचे. त्यातले १ मिलिलिटर घेऊन पुन्हा अल्कोहोलने २० मिलिलिटर करायचे. आता द्रावणात आम्ल उरते ४००वा भाग. मोठ्या परातीत पाणी घेऊन त्यावर बारीक पावडर भुरभुरायची आणि मधोमध एक थेंब सोडायचा. पावडर झपकन बाजूला सरते आणि स्वच्छ वर्तुळ उमटते. अल्कोहोल पाण्यात विरघळते किंवा उडून जाते. वर राहतो तो आम्लाचा एका रेणूइतका जाड थर. अल्कोहोल पेट घेते, त्यामुळे जवळ ज्योत नको.

रेणूचा आकार कसा निघतो?

समजा, १ मिलिलिटरमध्ये ५० थेंब भरले आणि वर्तुळाचा व्यास २० सेंटीमीटर आला. एका थेंबातले आम्ल ०.००००५ घन सेंटीमीटर, तर वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर. घनफळाला क्षेत्रफळाने भागले की थराची जाडी मिळते : सुमारे १.६ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

रेणूंची संख्या कशी काढतात?

ओलिक आम्लाचा एक मोल म्हणजे सुमारे २८२ ग्रॅम, घनफळ अंदाजे ३१५ मिलिलिटर. रेणू १.६ नॅनोमीटरचा घन मानला, तर एका मोलमध्ये ७७ कोटी कोटी कोटी रेणू बसतात. प्रत्यक्ष आकडा आहे ६०२ कोटी कोटी कोटी. हाच अ‍ॅव्होगाड्रो अंक. मे २०१९ पासून त्याचे मूल्य कायमचे निश्चित करण्यात आले आहे. मग चूक कुठे झाली? मोजण्यात नव्हे, गृहीतकात. हा रेणू घनासारखा नसून लांबट असतो. त्याचे एक टोक पाण्याला धरून राहते, शेपूट वर असते. रुंदी लांबीच्या एक तृतीयांश धरली, तर उत्तर ६९० कोटी कोटी कोटी येते. परातीतल्या प्रयोगासाठी हे फारच जवळचे!

हे प्रथम कोणाच्या लक्षात आले?

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतले, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाले. ही नोंद १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली. जाडीचे गणित मात्र त्यांनी मांडले नाही. पुढे जर्मनीत अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनी विद्यापीठाची पायरी न चढता घरच्या घरी पत्र्याच्या पन्हळीत असे थर अभ्यासले. त्यांचे पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’ने छापले. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातील कामासाठी आयर्विंग लँगम्युर यांना १९३२ चे नोबेल मिळाले.

तलावाच्या पाण्याशी संबंध काय?

महाड-पोलादपूरला पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण बहुतेक पाणी डोंगरउतारावरून सावित्रीला मिळून समुद्राकडे जाते. एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. साठलेले पाणीही उडतेच. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर एका हेक्टरच्या तलावातून रोज ५० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर नाहीसे होतात. दोन नॅनोमीटर जाडीचा थर हेक्टरभर पसरायला मात्र अवघे २० मिलिलिटर द्रव्य पुरते. याच आधारावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात फॅटी अल्कोहोल आणि अल्कॉक्सी इथेनॉल यांच्या थरांचा अभ्यास केला.

मग हा उपाय सर्वत्र का नाही?

ओलिक आम्ल इथे फारसे कामाचे नाही. त्याची शेपूट मधेच वाकलेली असल्याने रेणू दाटीने उभे राहत नाहीत आणि फटींतून वाफ निसटते. सरळ शेपटीचे रेणू काड्यापेटीतल्या काड्यांसारखे खेटून बसतात. पण वारा सुटला की हा थर फाटून काठाला लागतो आणि पुन्हा पुन्हा टाकावा लागतो. परातीत वारा नसतो, तलावावर असतो. शिवाय वाहून गेलेले पाणी कोणताही थर परत आणत नाही. त्यासाठी ते आधी अडवावे लागते.