हसताना हिरड्या जास्त दिसतात? कापण्याआधी कारण शोधा

हसताना वरच्या हिरड्या ३-४ मिलिमीटरहून अधिक दिसल्या, की अनेकांना संकोच वाटतो. जास्तीची हिरडी कापून तिला आकार देण्याच्या शस्त्रक्रियेला ‘जिंजिव्हेक्टॉमी’ म्हणतात. मात्र ती प्रत्येकाच्या उपयोगाची नसते.

हिरड्या जास्त का दिसतात?
दातांवर साचलेल्या थरामुळे हिरड्या सुजतात. फिट येण्यावरील फेनिटॉइन आणि रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन या औषधांनीही काहींच्या हिरड्या वाढतात. औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. वरचा ओठ आखूड किंवा जबडा लांब असेल, तर नुसती हिरडी कापून भागत नाही.

हाड का तपासतात?
हिरडीची कड आणि आतले हाड यांत शरीर साधारण ३ मिलिमीटर अंतर राखते. ते न मोजता कापल्यास हिरडी पुन्हा वाढते किंवा सुजलेली राहते. म्हणून काही रुग्णांत हाडही थोडे घासावे लागते.

नंतर काय काळजी घ्यावी?
- पहिले २४ तास मऊ, गार अन्न घ्यावे. जोरात चूळ भरू नये.
- तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद ठेवावी.
- जखमेवर ब्रश फिरवू नये. डॉक्टरांनी दिलेले क्लोरहेक्सिडिन वापरावे.

वरवरची जखम १-२ आठवड्यांत भरते. हाड घासले असल्यास पुढच्या दातांवर कॅप बसवण्याआधी ३ ते ६ महिने थांबतात. रक्तस्राव थांबत नसेल, ताप आला किंवा तीन दिवसांनंतरही सूज वाढत असेल, तर लगेच दंतवैद्याकडे जावे.