सदैव भरलेली लिथियम बॅटरी लवकर थकते

नागपूर, प्रतिनिधी

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या नागपूरकरांना नौकेच्या बॅटरीशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु धक्क्याला बांधून ठेवलेल्या नौकांचे मालक गेली काही वर्षे ज्या अडचणीशी झुंजत आहेत, तीच अडचण आता येथील घरांत जिन्याखाली ठेवलेल्या इन्व्हर्टरपाशी येऊन ठेपली आहे. जुनी ‘पाण्याची’ बॅटरी काढून तिच्या जागी महागडी लिथियम बॅटरी बसविल्यावर ती सांभाळायची कशी, हा तो प्रश्न.

नौका धक्क्याला लागली की किनाऱ्यावरून एक जाड केबल तिच्यात जोडली जाते. दिवे, शीतकपाट, पाणी उपसण्याचा पंप असा सारा भार त्या विजेवर चालतो आणि चार्जर रात्रंदिवस सुरू राहतो. बॅटरीला आठवडेच्या आठवडे काहीच काम नसते; मात्र ती शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत ताटकळत असते. घरच्या इन्व्हर्टरचीही स्थिती वेगळी नाही. दोन हजारच्या दशकात भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे बॅटरी रोज रिकामी होई आणि रोज भरली जाई. ते वेळापत्रक आता शहरात राहिले नाही. त्यामुळे बॅटरीचे आयुष्य बहुतांशी वाट पाहण्यातच जाते.

शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीला ही प्रतीक्षा मानवते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ती तयार केली. ती अर्धवट भरलेल्या स्थितीत राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो व ती निकामी होते. म्हणूनच ‘बॅटरी नेहमी भरलेली ठेवा’ हा नियम रूढ झाला आणि इन्व्हर्टरही त्याच हिशेबाने बनविले गेले. बॅटरी भरल्यावरसुद्धा ते तिला साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्टच्या आसपास धरून ठेवतात. काही यंत्रे तर अधूनमधून पंधरा व्होल्टच्याही वर नेऊन आम्ल ढवळून काढतात.

लिथियमचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. तिला अर्धवट भरलेले राहण्याचा काहीच त्रास नाही. त्रास आहे तो भरलेले राहण्याचा. भरलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरील पातळ पापुद्रा हळूहळू जाड होत जातो व त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. बॅटरी वापरा वा न वापरा, ही झीज चालूच राहते. घरगुती संच आणि नौका या दोन्हींत हल्ली प्रामुख्याने लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार असतो. भारतीय संशोधक अक्षय पाढी आणि २०१९ चे नोबेल मिळविणारे जॉन गुडइनफ यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये त्यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला होता. हा प्रकार इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा अधिक सोशिक आहे. पण सोशिक म्हणजे अमर नव्हे.

आणि येथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. २३ मे २०१३ रोजी शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, हा ढोबळ नियम येथेही लागू पडतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेली, काठोकाठ भरलेली बॅटरी म्हणजे झिजेला दुहेरी आमंत्रणच. युरोपातील नौकामालकांना थंडीची धास्ती असते, कारण शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करणे घातक ठरते. ती चिंता आपल्याला नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या कडाक्याच्या थंडीतही नागपूरचा पारा ३.५ अंशांवर थांबला होता. आपला शत्रू उष्माच. बॅटरी उत्तरेकडच्या, हवा खेळती असलेल्या खोलीत हलविणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय.

दुसरा उपाय चार्जरच्या मांडणीचा. अनेक इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडण्याचे बटण असते. बॅटरी बदलली तरी ते ‘ट्युब्युलर’वरच राहून जाते, ही सर्रास होणारी चूक. चार सेलच्या, म्हणजे १२.८ व्होल्टच्या संचाला भरण्यासाठी १४.२ व्होल्ट पुरेसे होतात. भरल्यावर धरून ठेवण्याचा दाब साडेतेराच्या वर नसावा. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या पुढे गेला की संचातील संरक्षक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, चार्जिंग तोडते. अनेकजण त्यावरच विसंबून राहतात. ही यंत्रणा राखणदार आहे, रोजचा कारभारी नाही. नौकेत इंजिन सुरू असताना तिने बॅटरी अचानक तोडली, तर इंजिनावरच्या अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

धक्क्यावर असताना जाणकार नौकामालक चार्जरचा दाब कमी ठेवून बॅटरी साठ-सत्तर टक्क्यांवर राहू देतात व प्रवासाच्या आदल्या दिवशी ती पूर्ण भरतात. घरी असे करावे का? वीज जाण्यासाठीच तर बॅटरी घेतली, हा आक्षेप रास्त आहे. हिशेब मात्र करून पाहावा. शंभर ॲम्पिअर-तासांच्या संचात सुमारे १,२८० वॉट-तास ऊर्जा मावते. इन्व्हर्टरची घट वजा जाता दोन पंखे व काही दिवे, म्हणजे दोनशे वॉटचा भार, ती पाच तासांहून अधिक काळ पेलते. सत्तर टक्क्यांवरही साडेतीन तासांहून अधिक मिळतात. तासाभराने वीज परतत असेल, तर एवढे पुष्कळ झाले. घरात प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण असेल, तर मात्र आयुष्याची काटकसर विसरून बॅटरी पूर्ण भरलेलीच ठेवावी. अवकाळीच्या वादळात तारा तुटतात, तेव्हाही तसेच.

अशा घरांनी इन्व्हर्टरच्या दिव्यांवर किंवा पट्ट्यांवर भिस्त ठेवू नये. लिथियमचा दाब बराच काळ १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. पट्ट्या भरलेल्या दिसत असताना अंधार होऊ शकतो. आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारे शंट जोडलेले मीटर खरा आकडा सांगते. तोही हळूहळू चुकत जातो, म्हणून महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरू द्यावी. त्याने मीटर ताळ्यावर येते आणि सेलही एकमेकांशी जुळतात.

एक अपवाद सांगायला हवा. कोचीत एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या नौका धक्क्यावर काही मिनिटांत चार्ज होतात. त्यांत लिथियम टायटॅनेट हा निराळा प्रकार आहे. त्यात ग्रॅफाइटच नसल्याने तो ही धावपळ सोसतो. पण तो महाग आणि जड, घरासाठी परवडणारा नव्हे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घराला कुलूप लावून गावी जाणाऱ्यांनी बॅटरी निम्म्यावर आणून इन्व्हर्टर बंद करावा आणि बॅटरीची एक तारही सोडवून ठेवावी. नुसता भिंतीवरचा खटका बंद केला व इन्व्हर्टर चालूच राहिला, तर त्याच्या स्वतःच्या किरकोळ वापरानेही महिनाभरात बॅटरी तळाला जाते.