बाळाचा इसब आणि ताटातला दाणा


गाळप आटोपल्यावर आम्ही शहाडला एका सभासदाच्या लेकीकडे गेलो होतो. सात महिन्यांच्या बाळाच्या गालांवर लालभडक इसब. शेजारणींच्या सांगण्यावरून दाणे, अंडी बाळाला वर्ज्य. अन् अंगाला मालिश मात्र घाण्याच्या शेंगदाणा तेलाचं!

डॉक्टरांना विचारलं, तर हे अगदी उलटं निघालं. बांध फुटला की पाणी नको तिथं शिरतं. तशी इसबाने कातडी फुटली की अन्नाचे कण तिथून आत शिरतात आणि शरीर त्यांना वैरी समजतं. घाण्याच्या तेलात असे कण राहतात. तेच अन्न वेळेवर पोटात गेलं, तर बहुधा पचनी पडतं.

लंडनला डॉ. गिडिऑन लॅक यांनी तीव्र इसब वा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं पाच वर्षांची होईपर्यंत तपासली. २०१५ साली निकाल आला: शेंगदाणा टाळलेल्यांत शेकडा १७ जणांना त्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत जेमतेम ३ जणांना.

तेव्हा आधी इसबावर उपचार करा, कातडी मऊ ठेवा. मनानेच अन्न तोडू नका. इसब तीव्र असेल, तर दाणे-अंडी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो. बारीक कूट पातळ करून द्या. ओठ सुजले, धाप लागली, तर तडक दवाखाना गाठा.

उसाची लागण वेळेवर करतो, तसंच हेही वेळेवर व्हावं, एवढंच आमचं सांगणं.