यंत्ररचित चरण व ग्रंथकर्तृत्वाचा हक्क

समर्थ रामदासांचें जन्मस्थान जें जांब, तें आमच्या जालना जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांत आहे. बाडें चाळणारांस हें ठाऊकच आहे कीं, नाममुद्रेवरून कर्ता ठरवितां येत नाहीं. विष्णुदास नाम्याचीं पदें नामदेवांच्या गाथ्यांत मिसळलीं, तीं अद्याप वेगळीं काढावीं लागतात. ही जुनी अडचण आतां नव्या रूपानें आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र अगणित ग्रंथांवरून शब्दांची संगति शिकतें आणि कसरीनें खाल्लेल्या ओवीचा गळालेला चरण क्षणांत जुळवून देतें. यमकहि साधतें; आधार मात्र एकाहि पोथीचा नसतो.

पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शोधिली, तेव्हां तींत कोणी आपली ओवी घालूं नये अशी ताकीद अखेरीस लिहून ठेविली. त्या काळीं कायदा नव्हता. ताकीद हाच उपाय.

आज कायदा आहे, पण तो संतवाणीच्या उपयोगीं फारसा पडत नाहीं. प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, ग्रंथकाराच्या हयातींत व मरणोत्तर ६० वर्षें चालतो. मग नव्यानें जुळविलेल्या चरणाचा स्वामी कोण? १९५७ च्या कायद्यास १९९४ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, संगणकानें निर्मिलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारा. परंतु नुसती आज्ञा केल्यानें मनुष्य करविणारा होतो काय, हें तेथें उलगडलेलें नाहीं. २०२० सालीं एका चित्राच्या नोंदींत कॉपीराइट कार्यालयानें यंत्रास सहकर्ता मानिलें, आणि पुढच्याच वर्षीं ती नोंद मागें घेण्याची नोटीस काढली!

संपादकांस अधिक जवळचा निर्णय २००७ सालचा, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यांतील होय. नुसत्या श्रमानें हक्क उत्पन्न होत नाहीं, किंचित् तरी स्वतःची बुद्धि चालविलेली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. निवाड्यांचा मूळ पाठ सर्वांचा. मात्र त्याचे परिच्छेद पाडून क्रमांक देणारांस तेवढ्यापुरता हक्क मिळाला. हाच न्याय लाविल्यास पोथीच्या संपादकाची प्रस्तावना व पाठचिकित्सेच्या टीपा त्याच्या ठरतील; यंत्राचा चरण जशाचा तसा छापणारास मात्र त्यावर हक्क सांगणें, आमच्या मतें, कठीण जाईल.

उलट बाजूहि आहे. संपादकाची छापील आवृत्ति यंत्राच्या शिक्षणास न विचारतां घेतली तर काय? याच जातीचा वाद एएनआय या वृत्तसंस्थेनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत नेला.

आमच्याकडील नकलांत त्रुटित जागा आम्ही रिकामीच ठेवितों व गळालेल्या अक्षरांची अजमासें संख्या समासांत देतों. कोणास यंत्राचा तर्क नोंदवावयाचाच असेल, तर तो चौकटी कंसांत, यंत्राच्या नांवानिशीं व तारखेसह, टीपेंत द्यावा. मूळ पाठांत नव्हे.