समुद्रतळाचे साक्षीदार

डोंगरावरचे जंगल तुटले तर उजाड झालेली टेकडी एस.टी.च्या खिडकीतून जाणाऱ्या प्रवाशालाही दिसते. कोणीतरी वृत्तपत्राला पत्र लिहितो, विधानसभेत प्रश्न विचारला जातो, निदान हळहळ तरी व्यक्त होते. समुद्राच्या तळाचे तसे नाही. तो पार उद्ध्वस्त झाला तरी वरचे पाणी कालच्याइतकेच निळे दिसते. जे दिसत नाही त्याची किंमत केली जात नाही आणि ज्याची किंमत केली जात नाही त्याचा नाश कोणत्याही जमाखर्चात मांडला जात नाही. समुद्राच्या अर्थकारणातील हा मूळ दोष आहे. या नुकसानीला साक्षीदारच नसतो.

गेल्या सत्तर वर्षांत काही देशांत ही साक्षीदाराची भूमिका अनपेक्षित लोकांनी बजावली. ते सरकारी अधिकारी नव्हते, बहुतेक जण शास्त्रज्ञही नव्हते. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून सुटीच्या दिवशी समुद्रात उतरणारे ते हौशी पाणबुडे होते. हा सुखवस्तू लोकांचा खेळ, त्याच्याशी आपला काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. परंतु या छंदातून सार्वजनिक हिताचे काम कसे उभे राहिले, हे ज्या प्रदेशाला ७२० किलोमीटरचा किनारा आहे त्या महाराष्ट्राने तरी समजून घेतले पाहिजे.

मंडळ का लागते?

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे सुटसुटीत उपकरण सिद्ध केले आणि समुद्रतळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. पण हा छंद एकट्याने करण्याजोगा नाही. नळकांड्यांत दाबाने हवा भरणारे यंत्र महाग असते, बोट लागते, शिकवणारा अनुभवी माणूस लागतो. दहा मीटर खोलीवर शरीरावरील दाब दुप्पट होतो आणि वर येण्याची घाई जिवावर बेतू शकते. म्हणून जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू नये, हा या क्षेत्रातला पहिला नियम. खर्च वाटून घ्यायचा आणि एकमेकांचा जीव सांभाळायचा, या दुहेरी गरजेतून मंडळे निर्माण झाली. १९५३ साली स्थापन झालेला ‘ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब’ आणि त्याच्या गावोगावच्या शाखा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

जेम्स ब्यूकॅनन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली अशा मंडळांची उपपत्ती मांडली. काही वस्तू पूर्णपणे खाजगी नसतात आणि पूर्णपणे सार्वजनिकही नसतात. सभासद त्या वाटून घेतात व बाहेरच्यांना वगळतात. हवेचे यंत्र आणि बोट या अशाच वस्तू आहेत. पण पाणबुड्यांच्या मंडळातून एक तिसरी वस्तूही निर्माण होते, ती म्हणजे समुद्रतळाविषयीचे ज्ञान. ते मंडळाच्या कुंपणात राहत नाही. सभासदाने वर्गणी भरून स्वतःच्या आनंदासाठी मारलेली बुडी, तिची शिस्तीने नोंद केली तर, साऱ्या समाजाच्या उपयोगी पडते.

ही केवळ कल्पना नव्हे. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेचा शोध १९६५ मध्ये अलेक्झांडर मॅकी यांनी याच क्लबच्या साउथसी शाखेच्या सभासदांना बरोबर घेऊन सुरू केला. पुढे शेकडो स्वयंसेवक पाणबुड्यांनी उत्खननात श्रमदान केले आणि १९८२ साली त्या नौकेचा सांगाडा पाण्याबाहेर आला. इतिहासाच्या बाबतीत जे झाले तेच निसर्गाच्या बाबतीतही झाले. ‘सीसर्च’ या ब्रिटिश उपक्रमात हौशी पाणबुड्यांना वनस्पती, प्राणी व तळाचे स्वरूप ओळखण्याचे शिक्षण दिले जाते. प्रत्येक बुडीनंतर ते ठरावीक नमुन्यात नोंद भरतात आणि त्या नोंदी संरक्षित सागरी क्षेत्रे ठरविताना उपयोगात येतात.

ॲरन बेटाची कहाणी

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, क्लाइडच्या आखातात, ॲरन नावाचे बेट आहे. वस्ती पाच हजारांच्या आत. येथील किनाऱ्यालगतच्या तीन मैलांत ट्रॉलरना १८८९ पासून बंदी होती. १९८४ च्या कायद्याने ती उठली. त्यानंतर स्कॅलप जातीचे शिंपले मिळविण्यासाठी लोखंडी दात्यांची जड अवजारे तळावरून ओढली जाऊ लागली. शेतातून कुळव फिरावा तशी ती तळ खरवडत जातात; फरक एवढाच की येथे पेरणी कोणीच करीत नाही. त्या तळावर माएर्ल नावाचे, दगडासारखे कठीण, गुलाबी शैवाल असते. ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि त्याच्या सांदीकोपऱ्यांत माशांची व शिंपल्यांची पिले आसरा घेतात. शतकांची ही वाढ एका फेरीत मोडून पडते.

हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश हे बेटावरील दोन पाणबुडे. एकाच उपसागरात वर्षानुवर्षे बुड्या मारीत असल्यामुळे तळाचा ऱ्हास त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. मॅकनीश न्यूझीलंडला गेले असता तेथे १९७५ साली स्थापन झालेले लेइचे सागरी राखीव क्षेत्र आणि त्यासाठी झटणारे बिल बॅलन्टाइन यांची त्यांना ओळख झाली. मासेमारी पूर्ण थांबविलेल्या पाण्यात जीवसृष्टी परत येते, ही गोष्ट त्यांनी गावी नेली. १९९५ मध्ये दोघांनी ‘कोस्ट’ ही लोकसंस्था स्थापन केली. पुढची तेरा वर्षे गावसभा, निवेदने, छायाचित्रे, पाण्याखालील पाहण्या आणि स्कॉटिश पार्लमेंटकडे पाठपुरावा यांत गेली. अखेर २००८ साली लॅमलॅश उपसागराचा २.६७ चौरस किलोमीटरचा तुकडा मासेमारीमुक्त घोषित झाला. स्कॉटलंडमधील असे हे पहिलेच क्षेत्र. २०१४ मध्ये बेटाच्या दक्षिणेचा बराच मोठा समुद्र संरक्षित झाला आणि २०१६ पासून तेथे तळ खरवडण्यास बंदी आली. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांना पहिल्या क्षेत्रात अधिक वयाचे व मोठ्या आकाराचे शिंपले आढळले. अशा शिंपल्यांची प्रजननक्षमता अधिक असते आणि त्यांची अंडी कुंपण न जाणता बाहेरच्या पाण्यातही पोहोचतात. वुड यांना २०१५ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०१८ पासून लॅमलॅश येथे संस्थेचे माहिती केंद्र चालू असून शाळकरी मुलांना आपल्याच गावचा समुद्र तेथे समजावून दिला जातो.

या यशाचे रहस्य कोणते? सरकारकडे कायदा होता, विद्यापीठाकडे शास्त्र होते. परंतु ‘पूर्वी येथे काय होते’ याची आठवण फक्त त्या पाण्यात वारंवार उतरणाऱ्यांकडे होती. ही आठवण नसेल तर प्रत्येक पिढी आपल्या काळची दैन्यावस्था हीच मूळची स्थिती समजते.

आक्षेप आणि उत्तर

एक गंभीर आक्षेप असा की संरक्षणाच्या नावाखाली हौशी लोक समुद्र बळकावतील आणि कोळ्याच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. बंदीचा खर्च आज, रोख, आणि मासेमारी करणाऱ्यांच्या खिशातून जातो. लाभ उद्या, उधारीवर, आणि सर्वांना मिळतो. असा सौदा हुकमाने लादला तर विरोध होणारच. ॲरनच्या दक्षिणेकडील पाण्यात सरसकट मासेमारी बंद केलेली नाही. पिंजरे लावून किंवा हाताने शिंपले वेचून उपजीविका करण्यास तेथे वाव आहे. मुख्य रोख आहे तो तळ उद्ध्वस्त करणाऱ्या अवजारांवर.

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक मालमत्तेचा शेवट विनाशातच होतो, असे प्रतिपादन केले. त्यावर उपाय म्हणजे एकतर खाजगी मालकी किंवा सरकारी दंडुका, असे बरीच वर्षे शिकविले गेले. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखविले की वापरणारे लोक स्वतः नियम करून सामाईक संपत्ती टिकवू शकतात. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र परस्परांवर लक्ष ठेवण्याची सोय हा त्यांच्या मांडणीतील आवश्यक भाग आहे. समुद्रतळावर ती सोय पाणबुड्याखेरीज दुसरे कोण पुरविणार?

मालवणचा प्रश्न

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मालवण येथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर त्यात येतो. आरंभापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आणि तो अकारण नव्हता. ज्यांच्या पूर्वजांनी रापण ओढली, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरविण्याची रीत सांभाळली, त्यांना नियमांच्या निर्मितीत वाटा मिळाला नाही. दुसरीकडे, याच मच्छीमारांनी यांत्रिक पर्ससीन जाळ्यांविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि २०१६ साली राज्य शासनाने त्या जाळ्यांवर निर्बंध आणले. मालवणच्या कोळ्याला संरक्षण नको आहे असे नव्हे. त्याला परक्याने लिहिलेले संरक्षण नको आहे.

याच किनाऱ्यावर गेल्या दोन दशकांत पाणबुडीचा व्यवसाय फोफावला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. किनाऱ्यावरचे अनेक तरुण पर्यटकांना हात धरून प्रवाळ दाखवितात. म्हणजे ॲरनच्या त्या दोन पाणबुड्यांपाशी जे होते ते या तरुणांपाशीही आहे: एकच तळ पुन्हा पुन्हा पाहणारे डोळे. नाही ती नोंदवही, आणि ती नोंद ऐकून घेणारी व्यवस्था. पर्यटक काही मिनिटे पाण्यात राहतो, छायाचित्र घेतो आणि निघून जातो. प्रवाळ कोठे पांढरे पडले, फाटके जाळे कोठे अडकले, कोणता मासा दिसेनासा झाला, हे तो सांगू शकत नाही. दाखविणारा सांगू शकतो. पण त्याला कोणी विचारीत नाही.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी या तरुणांना ओळख व नोंदीचे शिक्षण द्यावे. मच्छीमार सोसायट्यांनी त्या नोंदींवर वर्षातून एकदा खुली चर्चा करावी. आणि अभयारण्याविषयीचा कोणताही निर्णय त्या चर्चेवाचून होऊ नये. पर्यटकाकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा अल्पसा भाग नोंद करणाऱ्याच्या मजुरीसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. हे फुकट करा, असे हातावर पोट असलेल्या तरुणाला सांगणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे लोकसहभागाची परंपरा नाही, असेही कोणी म्हणू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ पासून कासवांची अंडी जपली आणि ज्या गावात ती अंडी गोळा केली जात त्याच गावात कासव महोत्सव भरू लागला.

वेळासचे कासव निदान वाळूवर येते, डोळ्यांना दिसते. मालवणचे प्रवाळ आपल्या भेटीला कधीच वर येणार नाही. त्याच्या वतीने बोलणारी माणसे त्या गावात आहेत, रोज सकाळी नळकांडे पाठीवर घेऊन ती पाण्यात उतरत आहेत. त्यांची साक्ष नोंदवून घ्यावयाची की नाही, एवढाच निर्णय बाकी आहे.