मोबाइलवरचा व्हिडिओ जुन्या टीव्हीवर का चालत नाही?

बारशाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर भरून गावी पाठवला. आजी-आजोबांनी तो टीव्हीला लावला, तर नुसता आवाज, चित्र गायब! किंवा ‘फाइल सपोर्ट करत नाही’ असा कोरडा निरोप. खापर पेनड्राइव्हवर फुटतं, पण बहुतेक वेळा पेनड्राइव्ह आणि टीव्ही दोन्ही धडधाकट असतात.

फाइलच्या नावापुढचं ‘एमपी४’ म्हणजे फक्त डबा. त्या डब्यात चित्रं कोणत्या पद्धतीनं दाबून भरली आहेत, ते ठरतं ‘कोडेक’वर. डीव्हीडीच्या काळात एमपीईजी-२ होता. २००३ मध्ये एच.२६४ आला आणि २०१३ मध्ये एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी. तेवढ्याच दर्जाचा व्हिडिओ हा नवा कोडेक साधारण निम्म्या जागेत बसवतो, म्हणून मोबाइल कंपन्यांनी तो उचलला. आयफोनमध्ये तो २०१७ च्या आयओएस ११ पासून आला.

टीव्हीत मात्र हा डबा उघडण्याचं काम एक चिप करते. ती एचईव्हीसी येण्याआधीची असेल तर तिला तो कळणारच नाही. म्हणूनच फाइलचं नाव बदलून ‘.एव्हीआय’ करण्याचा अनेकांचा आवडता उपाय निरुपयोगी आहे. डब्यावरचं लेबल बदललं तरी आतला माल तोच राहतो. गंमत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला तोच व्हिडिओ टीव्हीवर अनेकदा चालतो, कारण पाठवताना अ‍ॅप तो दाबून एच.२६४ मध्ये बदलतं. अर्थात चित्राचा दर्जा घसरतो.

मग करायचं काय? आधी समोरचं यंत्र कोणतं ते पाहा. दहा-बारा वर्षांपूर्वीचा फुल एचडी टीव्ही असेल तर एच.२६४ पुरेसा आहे. संगणकावर ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ‘फास्ट १०८०पी३०’ हा पर्याय निवडा, काम झालं.

यूएसबी असलेला डीव्हीडी प्लेयर असेल आणि त्यावर ‘डिव्हएक्स’चं चिन्ह असेल, तर एव्हीआय फाइल लागते. आत एक्सव्हिड व्हिडिओ, एमपी३ आवाज आणि चित्राचा आकार जास्तीत जास्त ७२० बाय ५७६. हँडब्रेक एव्हीआय बनवत नाही. त्यासाठी ‘एव्हिडेमक्स’ वापरा, तेही मोफत आहे.

फक्त तबकडी चालत असेल तर थोडी खटपट आहे. एमपी४ फाइल तशीच डीव्हीडीवर कॉपी केली तर ती डेटा डिस्क होते, जुना प्लेयर तिला ओळखत नाही. ‘डीव्हीडीस्टायलर’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाल’ पद्धत निवडून रीतसर व्हिडिओ डीव्हीडी बनवावी लागते. ४.७ जीबीच्या तबकडीवर बऱ्या दर्जात सुमारे दोन तास मावतात. शेवटी ‘फायनलाइज’ करायला विसरू नका.

एवढं करूनही अडलं, तर पेनड्राइव्ह तपासा. जुनी यंत्रं बहुधा फॅट३२ पद्धतीचाच पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. फाइलचं नाव इंग्रजीत आणि छोटं ठेवा; देवनागरी नावं काही प्लेयरवर नुसते चौकोन दाखवतात.

ऑनलाइन ‘कन्व्हर्टर’ सोपे वाटतात, पण घरातल्या लेकराबाळांचे व्हिडिओ अनोळखी सर्व्हरवर कशाला चढवायचे? वर सांगितलेली सॉफ्टवेअर इंटरनेट बंद ठेवूनही चालतात.

पुढच्या समारंभाआधी आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा आणि चित्रीकरण १०८०पी मध्ये करा. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा ‘हाय एफिशियन्सी’ बंद करा. एचडीआरही बंद ठेवा, नाहीतर जुन्या पडद्यावर रंग फिके, धुरकट दिसतात. आणि बदललेली फाइल चालली म्हणून मूळ व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका. दर वेळी बदलताना दर्जा थोडा उतरतो, तो परत मिळत नाही.